आईच्या वहीतला तिसरा रकाना

आईच्या विसरण्याची तक्रार घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि काही महिन्यांनी हातात आलं ते हृदयाच्या ठोक्यांचं निदान. मधल्या काळात कुठली तपासणी कशासाठी, ती कुठे होते, किती पैसे लागतात, कुठला कागद बरोबर न्यायचा, हे सगळं विचारत विचारतच शोधावं लागलं. ज्यांच्या घरात साठी-सत्तरीपुढचं माणूस आहे आणि "हल्ली जरा विसरायला लागलीये" हे वाक्य अधूनमधून कानावर पडतंय, त्यांच्यासाठी घडलं त्या क्रमाने लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं आली आहेत ती डॉक्टर काय म्हणतात ते समजावं म्हणून. डोस प्रत्येकाचा वेगळा असतो, तेव्हा माझ्या लिहिण्यावरून कुणी काही सुरू किंवा बंद करू नये.

आई ७४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. साताऱ्यात दादा-वहिनीजवळ राहते. मी पुण्यात. रक्तदाबाची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू, साखर नाही, चालणं-फिरणं चांगलं. बाबा गेल्यापासून ती थोडी गप्प झाली होती, म्हणून सुरुवातीच्या गोष्टी आम्ही त्या खात्यात टाकल्या.

२०२४च्या दिवाळीत वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आईंनी चिवड्यात मीठ दोनदा घातलं, आणि ते सांगितलं तर त्यांना पटेना." नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी आई नेहमीप्रमाणे एकटी बँकेत गेली. सही करून बाहेर पडली आणि पोवई नाक्यावर उभी राहून दादाला फोन केला, "आपल्या घराकडे रिक्षा कुठल्या बाजूने करायची रे?" ती चाळीस वर्षं त्या नाक्यावरून ये-जा करते आहे. पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, रात्री तिने नातवाचा गणिताचा अभ्यासही घेतला. पण दादाने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. आमच्या मावशीला शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता. तिची शेवटची वर्षं आम्ही दोघांनी जवळून पाहिली आहेत. त्यामुळे तो शब्द आम्ही फोनवर उच्चारला नाही, पण दोघांच्याही मनात तोच होता.

आईला तयार करणं हेच पहिलं कठीण काम. "मला वेडी ठरवताय का?" असं तिने सरळ विचारलं. वहिनीने मार्ग काढला: रक्तदाबाच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन जुनं झालंय, नवीन घ्यायला जाऊ. तेही खरंच होतं. ९ डिसेंबरला सोमवारी मी रजा काढून साताऱ्याला गेले आणि आम्ही आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. ते आईचे विद्यार्थी. अजून तिला "बाई" म्हणतात आणि ती आत आली की उभे राहतात.

आई रोज सकाळी चहाआधी घरच्या मशिनवर रक्तदाब मोजते आणि चौकटीच्या वहीत लिहिते. लाल पेनने आखलेले रकाने. तारखेपुढे वरचा, खालचा आणि तिसरा ठोक्यांचा. आम्ही सगळे पहिले दोन रकाने बघायचो, डॉक्टरांनी मात्र तिसऱ्यावर बोट ठेवून खाली सरकवत नेलं. ७२, ७४, ७०, १२६, ७३, ७१, ११८, ७०. पुढच्या पानावर पुन्हा एक १३१.

"बाई, हे मधले मोठे आकडे बघितलेत का?"

"मशीन जुनं झालंय रे ते. त्या दिवशी कोपऱ्यात बदामाचं चिन्हही लुकलुकत होतं."

बदामाचं ते चिन्ह बऱ्याच डिजिटल मशिनमध्ये असतं. काही मशिनमध्ये ठोके अनियमित वाटले की ते लुकलुकतं. तुमच्या मशिनच्या माहितीपत्रकात त्याचा अर्थ दिलेला असेल, आजच बघून घ्या. डॉक्टरांनी आईचं मनगट धरून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ७६, एकदम नियमित. ईसीजी काढला (२५० रुपये), तोही नॉर्मल. मला हायसं वाटलं, पण त्यांनी लगेच सांगितलं की ईसीजीच्या कागदावर साधारण दहा सेकंदांचे ठोके असतात. जी गडबड येते आणि निघून जाते, ती नेमकी त्या दहा सेकंदांत सापडेलच असं नाही. वहीतले आकडे खरे असतील तर हा एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरण्याचा प्रकार असू शकतो, आणि वय झालेल्या माणसाच्या विसरण्याशी त्याचा संबंध असू शकतो. हे दोन विषय एकाच वाक्यात मी पहिल्यांदा ऐकले.

त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते कळायला), थायरॉइड, बी-१२. लॅबने घरी येऊन रक्त नेलं, २२०० रुपये झाले, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मोबाइलवर आला. थायरॉइड व्यवस्थित होतं. ते वाढलेलं असलं तरी ठोके बिघडतात, म्हणून ही तपासणी आधी करतात. बी-१२ मात्र १६८, म्हणजे बरंच कमी. आम्ही शाकाहारी, त्यात आई दूधही फारसं घेत नाही. घरात सगळ्यांना वाटलं, सापडलं कारण, इंजेक्शनं घेतली की झालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, पण हृदयरोगतज्ज्ञांना दाखवण्यासाठी दिलेली चिठ्ठी परत घेतली नाही. "बी-१२ने थोडा फरक पडेल, पण त्याने तिसरा रकाना समजत नाही," असं म्हणाले. आज मागे वळून बघताना मला वाटतं, त्या एका आग्रहामुळे पुढचं सगळं वेळेत झालं.

हृदयरोगतज्ज्ञांची वेळ डिसेंबरच्या अखेरीची मिळाली. फी ८००, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी २०००. इकोमध्ये हृदयाची ताकद चांगली होती, झडपा ठीक होत्या, डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालेला. झडपा बघणं महत्त्वाचं असतं हे मला नंतर कळलं. लहानपणी सांधेतापातून झडप खराब झालेले पेशंट आपल्याकडे अजूनही आहेत, आणि अशांचं औषध वेगळं असतं. डॉक्टरांनी होल्टर सुचवलं, म्हणजे चोवीस तास अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र.

होल्टरची तारीख आम्ही संक्रांत झाल्यावरची घेतली, १६ जानेवारी. यात एक अडचण अशी आली जी कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नव्हती. यंत्र लावल्यावर ते काढेपर्यंत आंघोळ करता येत नाही, आणि पारोशाने देवपूजा आईला जमणारच नव्हती. वहिनीने सेंटरला फोन करून सकाळी अकराची वेळ मागून घेतली. त्या दिवशी आंघोळ, पूजा उरकून जायचं, दुसऱ्या दिवशी अकराला यंत्र काढायचं, मग घरी येऊन आंघोळ आणि पूजा. पूजेला उशीर झाला, चुकली नाही. पुढून हुक असलेलं सुती ब्लाउज घालून जा, अंगाला तेल किंवा पावडर लावून जाऊ नका, स्टिकर नीट चिकटत नाहीत. यंत्र गळ्यातल्या पाउचमध्ये असतं, मोबाइल त्याच्या अगदी जवळ ठेवू नका असं सांगतात. २५०० रुपये फी, वर ३००० डिपॉझिट आणि आधारची झेरॉक्स. डिपॉझिटची पावती जपून ठेवा, ती दाखवल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत.

सोबत एक कागद देतात. किती वाजता जेवलं, जिना चढला, झोपलं, छातीत धडधड झाली, सगळं वेळेसकट लिहायचं. आईने तो कागद परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखा भरला. त्या रात्री मी तिच्या शेजारी झोपले होते. यंत्रावरचा हिरवा ठिपका अंधारात दिसत होता. ज्यांच्या नावाने हे यंत्र ओळखलं जातं त्या नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मोंटानात बनवलेलं पहिलं यंत्र पाठीवर बांधून न्यावं लागायचं आणि जवळजवळ ३८ किलोंचं होतं, हे मी तेव्हा मोबाइलवर वाचलं. आईच्या गळ्यातलं काडेपेटीपेक्षा जरा मोठं होतं.

त्याच रात्री बाकीही वाचलं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी साठीपुढच्या दोन हजारांहून जास्त लोकांचा बारा वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि २०२१मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शांत बसलेलं असताना ज्यांचे ठोके मिनिटाला ८० किंवा जास्त होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका ६० ते ६९ ठोके असलेल्यांपेक्षा ५५ टक्के जास्त दिसला. वाचून मी घाबरले आणि आईची नाडी मोजायला उठणार होते. नंतर हृदयरोगतज्ज्ञांना विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की हा संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. ठोके जास्त असण्यामागे अशक्तपणा, व्यायाम नसणं, हृदयाचा दडलेला आजार असं बरंच काही असू शकतं. म्हणून आकडा ८२ दिसला की रडायचं नाही, तो सतत तसाच राहतोय का आणि का, हे डॉक्टरांना विचारायचं.

होल्टरचा रिपोर्ट यायला वेळ लागला. दोन दिवसांत देतो म्हणाले, आठवडा उलटला. फोन केला की "डॉक्टरांची सही बाकी आहे". शेवटी दादा जाऊन उभा राहिला तेव्हा मिळाला, आणि त्यावर आईचं वय ४७ छापलेलं. ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढे विम्याला, दुसऱ्या डॉक्टरांना तोच कागद जातो आणि वयावर औषधाचा निर्णय अवलंबून असतो. रिपोर्टमध्ये काही अधिकचे ठोके सोडले तर विशेष काही नव्हतं. चोवीस तासांत लाखभर ठोके आणि जवळपास सगळे सरळ.

इथे आम्ही थांबण्याच्या बेतात होतो. आई तर म्हणालीच, "झालं ना समाधान?" डॉक्टरांनी सात दिवसांचा पॅच सुचवला, म्हणजे छातीवर चिकटवून ठेवायचं ईसीजीचं यंत्र. ७५०० रुपये. दादा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पण वही समोरच होती, आणि वहीत मोठे आकडे काही रोज येत नव्हते. आठवड्यात एखाददुसरा. चोवीस तासांत ते सापडले नाहीत यात नवल नव्हतं. आम्ही हो म्हटलं.

पॅच येईपर्यंत मध्ये दिवस होते, त्यात वय वंदना कार्डाचं काम उरकलं. सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण मिळतं. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ला सुरू झाली. कार्ड मोबाइलवर काढता येतं, पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि आईच्या आधारला बाबांचा जुना, बंद पडलेला नंबर होता. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला, तेव्हा ५० रुपये लागले. तिथे बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं खडू आणि भांडी हाताळलेली बोटं, रेषा झिजलेल्या. कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, थोडा वेळ थांबून पुन्हा केलं तेव्हा जमलं. एक नीट समजून घ्या: या कार्डात रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार येतात. ओपीडीची फी, बाहेर केलेलं होल्टर, घरी घ्यायच्या गोळ्या यांना त्याचा उपयोग झाला नाही. आमचा सगळा खर्च खिशातूनच गेला. पण उद्या वेळ आली तर कार्ड हातात असावं म्हणून ते काम आत्ताच करून ठेवा, आजारी माणूस स्ट्रेचरवर असताना ओटीपी शोधत बसायला नको.

खर्चाचं अजून एक. ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या उपचारांवर झालेला ५० हजारांपर्यंतचा खर्च प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत (तेव्हाच्या ८०-डी कलमाखाली) वजावटीला धरता येतो. अट अशी की पैसे रोख दिलेले नकोत. हे कळल्यापासून आम्ही सगळीकडे यूपीआयने दिले आणि बिलावर आईचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

३ फेब्रुवारीला पॅच लागला. हाताच्या तळव्याएवढा, छातीच्या डाव्या बाजूला चिकटवलेला. याच्यावर आंघोळ चालते, फक्त पाण्याची धार थेट घ्यायची नाही, आणि घासायचं नाही. चौथ्या दिवशी कडेने खाज सुटली. सेंटरला विचारून बाजूच्या त्वचेला खोबरेल तेलाचं बोट लावलं, पॅचखाली जाऊ न देता. सकाळचा रक्तदाब आणि वही चालूच होती.

रिपोर्ट १४ फेब्रुवारीला आला, आणि मी तो ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचला. त्या आठवड्यातल्या एकूण वेळेच्या सहा टक्के वेळ आईचं हृदय एट्रियल फिब्रिलेशनमध्ये होतं. सर्वांत लांब झटका रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू झालेला, तीन तासांहून जास्त, ठोके १५२पर्यंत. ती गाढ झोपेत होती. तिच्या कागदावर त्या रात्रीपुढे लिहिलं होतं, "झोप चांगली." दुसरा एक झटका ५ फेब्रुवारीच्या सकाळी सहा चाळीसचा. मी वहिनीला फोन करून वही उघडायला लावली. ५ फेब्रुवारी: १३८, ८४, आणि तिसऱ्या रकान्यात १२८. वहिनी फोनवर काही क्षण बोललीच नाही.

१७ फेब्रुवारीला हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांचं गाव माण तालुक्याकडचं, त्यांनी आईला तिच्या भाषेत सांगितलं. "विहिरीच्या मोटरला फेज नीट मिळाला नाही की पाणी झटक्याझटक्याने येतं ना? जवळच्या वाफ्यांना पोचतं, शेवटच्या वाफ्याला कधी मिळतं, कधी नाही. मेंदू शरीराच्या वजनाचा दोन टक्केच, पण हृदय बाहेर टाकतं त्यातलं पंधरा-वीस टक्के रक्त त्याला लागतं." दुसरी गोष्ट गुठळ्यांची. वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, त्यामुळे डाव्या बाजूला त्याची जी छोटी पिशवी असते तिच्यात रक्त रेंगाळतं, गोठतं, आणि ती गुठळी निघून मेंदूत जाऊ शकते. मोठी गेली तर पक्षाघात. अशा पेशंटना त्याचा धोका साधारण पाचपट असतो. बारीक गेली तर बाहेरून काहीच कळत नाही, पण मेंदूत डाग राहतो, आणि असे डाग साठत गेले की विचार आणि स्मरण मंदावतं.

रक्त पातळ करण्याची गोळी द्यायची की नाही हे ते पक्षाघाताच्या धोक्याचे गुण मोजून ठरवतात. आईला वयाचा एक, रक्तदाबाचा एक, स्त्री असण्याचा एक. २०२४च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत स्त्री असण्याचा गुण काढून टाकला आहे, पण उरलेल्या दोनांवरही गोळी द्यावी असंच उत्तर येत होतं. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून आई रोज अ‍ॅस्पिरिन घेत होती, ती बंद केली. या आजारात गुठळी रोखायला ती पुरेशी पडत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र असतो. त्याऐवजी अ‍ॅपिक्सॅबॅन, सकाळ-संध्याकाळ. वय, वजन आणि क्रिएटिनिन बघून डोस ठरवला. सोबत ठोके ताब्यात ठेवायला मेटोप्रोलॉल. वॉरफॅरिन ही रक्त पातळ करण्याची जुनी गोळी स्वस्त पडते, पण त्यात वारंवार आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासावं लागतं आणि पालक, मेथी एकदम कमीजास्त करता येत नाही. झडपेचे काही मोठे आजार असतील तर मात्र वॉरफॅरिनच लागतं. २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीत सांधेतापाने झडपा खराब झालेल्यांना त्याच जुन्या गोळीचा जास्त फायदा दिसला होता. आईच्या झडपा ठीक असल्याचं इकोत दिसलं होतं, म्हणून तिला नवी गोळी चालली.

मी विचारलं, या गोळीने विसरणं थांबेल का? त्यांनी आश्वासन दिलं नाही. स्वीडनमध्ये चार लाखांहून जास्त पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २९ टक्के कमी दिसलं होतं, पण ते नोंदींवरून काढलेलं आहे. गोळी देण्याचं पक्कं कारण पक्षाघात टाळणं हे आहे, मेंदूला आणखी फायदा झाला तर तो हवाच आहे. मला हे उत्तर आवडलं.

एमआरआय १ मार्चला साताऱ्यातच झाला, ६५०० रुपये. जोडवी, मंगळसूत्र, केसातल्या पिना, सगळं काढावं लागतं. आईच्या पाटल्या वीस वर्षांत निघाल्या नव्हत्या. आदल्या रात्री साबणाच्या पाण्यात हात बुडवून वहिनीने त्या हळूहळू काढल्या. सकाळी सेंटरवर घाईत ते झालं नसतं. आवाज खूप मोठा असतो, कानात बोळे देतात, तरी आधीच सांगून ठेवा. आईने आत मनातल्या मनात रामरक्षा म्हटली, आणि एकही ओळ अडली नाही हे बाहेर येऊन आम्हाला अभिमानाने सांगितलं.

८ मार्चला पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, फी १०००. सीडीवरच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. बारीक रक्तवाहिन्यांच्या झिजेचे पांढुरके ठिपके, जे रक्तदाब असलेल्या बऱ्याच वयस्क लोकांत दिसतात, आणि लहान मेंदूत डावीकडे एक जुना, बारीकसा डाग. कधीतरी एक छोटी गुठळी तिथे गेली होती. कधी, ते कुणालाच कळलं नव्हतं.

स्मरणशक्तीची चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे झाली, १२०० रुपये. मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट हे तिचं नाव. मराठीत होते, ३० गुणांची, २६ किंवा जास्त आले तर सर्वसाधारण समजतात. नातेवाइकांना बाहेर बसवतात. त्यातल्या प्रश्नांची घरी तयारी करून घेऊ नका, चाचणीचा अर्थच जातो. चष्मा न्या, आणि पेशंटला नीट ऐकू येत नसेल तर ते आधी सांगा, नाहीतर न ऐकलेला शब्द विसरलेला म्हणून मोजला जातो.

नंतर मला तो कागद दाखवला. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. वर्तुळ सुरेख गोल, १ ते १२ मराठी आकडे तिच्या त्या वळणदार अक्षरात, अंतरं सारखी. छोटा काटा ११वर, आणि मोठा काटा १०वर. दहा मिनिटं, म्हणून दहाच्या आकड्यावर. तिने तिसरीच्या किती वर्गांना पुठ्ठ्याचं घड्याळ फिरवून काटे शिकवले असतील. काटा पुसून पुन्हा काढल्याच्या खुणा होत्या, म्हणजे काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

२२ गुण. डॉक्टरांनी सांगितलं, हा स्मृतिभ्रंश नाही. त्याच्या अलीकडची पायरी आहे, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. रोजचे व्यवहार ती स्वतः करते, म्हणून अलीकडची. इथून सगळेच पुढच्या पायरीवर जात नाहीत, काही तिथेच राहतात, काही थोडे सुधारतात. आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी अजून शिकवू शकते का?" ते म्हणाले, "शिकवाच."

तपासण्यांचा एकूण खर्च २४ हजारांच्या घरात गेला, प्रवास आणि रजा सोडून. दर महिन्याचा मोठा खर्च अ‍ॅपिक्सॅबॅनचा. डॉक्टरांना विचारून घेतलेल्या कंपनीची गोळी २२ रुपयांना पडते, म्हणजे महिन्याला तेराशेच्या आसपास. कंपनी-कंपनीत किमतीचा फरक मोठा आहे, म्हणून विचारायला लाजू नका. मेटोप्रोलॉल आणि रक्तदाबाची गोळी आम्ही जनऔषधी दुकानातून घेतो.

गोळी सुरू झाल्यावर घरात काही नियम झाले. या गोळीचा परिणाम बारा तासांत ओसरू लागतो, तेव्हा वेळ चुकवायची नाही. सकाळची चहाबरोबर, संध्याकाळची देवाजवळ दिवा लावल्यावर, आणि नातू डबीचा कप्पा रिकामा झालाय का ते बघतो. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, वेदनाशामकाने रक्तस्राव होऊ शकतो. काढे, चूर्णं डॉक्टरांना विचारूनच. दात काढायचा असेल तर आधी सांगायचं. शौचाला काळं झालं, हिरड्यांतून रक्त थांबेना, किंवा पडून डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी तडक दवाखाना. आईच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवलंय: नाव, आजार, रक्त पातळ करण्याची गोळी चालू, दादाचा आणि माझा नंबर. न्हाणीघरात रबरी मॅट आणि आधाराची दांडी बसवली.

नाडी मोजायला आता घरात सगळे शिकलो. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं, पूर्ण एक मिनिट, आणि आकड्याइतकंच लक्ष लयीकडे. ठोके बेताल असताना घरचं मशीन रक्तदाबही चुकीचा दाखवू शकतं, म्हणून लागोपाठ तीनदा मोजून आई तिन्ही आकडे लिहिते.

ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा चाचणी झाली, २४ गुण. मला आनंद लपवता आला नाही. डॉक्टरांनी समजावलं की बी-१२ भरून निघालंय, रक्तदाब आता १३०च्या आत आहे, चाचणीची थोडी सवयही झाली असेल, तेव्हा कशाचा किती वाटा ते वेगळं काढता येणार नाही. आई अजूनही एखादी गोष्ट दोनदा सांगते. नावं अडतात. शेजारच्या दोन मुलांना ती संध्याकाळी पाढे शिकवते, तिथे काही अडत नाही.

ऐकण्याची तपासणी झाली, डाव्या कानाला कमी ऐकू येतं. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची जी यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये दिली, तिच्यात कमी ऐकू येणं आणि रक्तदाब हे दोन्ही आहेत, म्हणून कानाचं यंत्र घ्यायचं ठरवलंय. किमती बघतोय. आई घोरते आणि मध्येच श्वास अडतो असं वहिनीचं म्हणणं. त्यानेही ठोके बिघडतात, तेव्हा झोपेची तपासणी सांगितली आहे, त्यासाठी एक रात्र रुग्णालयात राहावं लागेल. जवळ विचारायला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, मराठीत बोलतात.

झोपेच्या तपासणीची तारीख मार्चमधली मिळाली आहे. ती झाल्यावर तिचाही खर्च आणि कागदपत्रं इथेच लिहीन.